माझं लिंबूपाणी हुर्राकात ओतलं!

माझी बाटली कापून तिचे दोन पेले केले! चाकूने, मधोमध, अगदी नीट. एका अर्ध्याच्या तळाला हिरव्या मिरचीचा तुकडा चिकटलेला, दुसऱ्यात दोन सिगारेटी विझवलेल्या, आणि भोवती हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, तो डोकं उठवणारा वास. दुसरी बाटली तर सापडलीच नाही. रविवार, सकाळचे पावणेनऊ, 28 पैकी 19 किलोमीटर धावून झालेले, घशाला कोरड, आणि प्यायला थेंब नाही.

शनिवारी संध्याकाळी स्कूटर घेऊन मुद्दाम गेले होते मी. केरीला, अंजुणे धरणाच्या वरच्या अंगाला काजूची बाग आहे, तिला जांभ्या दगडाचा गडगा आहे. त्याच्या खोबणीत लिटर-लिटरच्या दोन बाटल्या ठेवल्या. लिंबू, मीठ, साखर घालून. वर सुकलेला पाला. शिवाय मार्करने लिहिलंही होतं: 'धावताना लागणार आहे, घेऊ नका.' कापणाऱ्याने बरोबर त्या ओळीतूनच चाकू फिरवला. एका पेल्यावर 'धावताना लागणार आहे', दुसऱ्यावर 'घेऊ नका'. म्हणजे वाचून, समजून कापली!

तहान लागून कुणी प्यायलं असतं, काजूचे बोंडू गोळा करणारी बाई, एखादा गुराखी, तर एका शब्दाने बोलले नसते. तहानलेल्याला पाणी नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. पण सोडा संपला म्हणून माझं मीठ-लिंबू हुर्राकात ओतायचं?

आणि ते पाणी म्हणजे चैन नव्हे. पारा बहुधा 34 च्या आसपासच थांबतो, म्हणून लोकांना वाटतं गोव्यात काय एवढा उन्हाळा! अहो, पहाटे पाचलासुद्धा हवा इतकी दमट की घाम सुकतच नाही, नुसता कोपरावरून ठिबकतो. घाम सुकल्याशिवाय अंग निवत नाही. मी धावायच्या आधी आणि नंतर वजन करते. तीन तासांत सव्वादोन किलो जातात, ते जवळजवळ सगळं पाणीच. त्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. पाठीवरच्या पिशवीत दीड लिटर मावतं. उरलेलं वाटेत नको ठेवू तर कुठे ठेवू?

पुढचे 9 किलोमीटर चालत काढले. पिंडऱ्यांत गोळे, पायाखाली तापलेला कातळाचा सडा. चालताना एकेक आठवत गेलं. फोडलेल्या बियरच्या काचा, ज्या मी दर रविवारी उचलते. बाईक हळू करून 'सोडू काय?' विचारणारे, आणि नको म्हटल्यावरही बाजूने चालवत राहणारे. चिरेखाणीसाठी तोडलेली ती झाडांची रांग, चढावर तेवढीच काय ती सावली होती. आणि शेजारच्या काकी: "अगो, एवढ्या उन्हात कशाला मरतेस? पावसाळ्यात धाव!"

काकी, स्पर्धा जूनमध्ये आहे! दक्षिण आफ्रिकेत, डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्गच्या मधली कॉम्रेड्स. 1921 पासून धावतात लोक ती. नव्वदीच्या आसपास किलोमीटर, मध्ये पाच मोठ्या टेकड्या, आणि 12 तास झाले की बंदूक वाजते. त्यानंतर एका सेकंदाने पोचलेल्यालाही पदक नाही. तिथे तेव्हा हिवाळा असतो, पण तयारीचे महिने आमचे एप्रिल-मेच. तिथे अनोळखी माणसं रस्त्याकडेला उभी राहून धावणाऱ्याच्या हातात पाण्याच्या पिशव्या देतात. माझ्या स्वतःच्या तालुक्यात माझी बाटली कापतात.

ते दोन्ही अर्धे मी घरी आणलेत. ओट्यावर ठेवलेत, सगळ्यांना दाखवते. पुढच्या रविवारी 32 किलोमीटर आहेत. बाटल्या ठेवणार, चार ठेवणार, आणि त्याच गडग्यात ठेवणार.