डोंगर उतरवण्याचं काम

आमचा कुत्रा खंड्या रोज डोंगरावर जातो आणि संध्याकाळी थोडा डोंगर अंगावर घेऊन घरी येतो. चिखल, काटक्या, कुसळं, गोखरू, एकदा तर जिवंत गोगलगाय. तो डोंगर उतरवून ठेवणं ही माझी नोकरी. पगार नाही, रजा नाही, आणि मालक गुरगुरतो.

१९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल नावाचे एक स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन आल्प्समध्ये भटकून आले, तेव्हा त्याच्या केसांत अशीच काटेरी फळं अडकली होती. त्यांनी एक फळ सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, त्याचे बारीक आकडे पाहिले आणि त्यातून पुढे वेल्क्रो जन्माला आलं. मी चार वर्षं रोज मूठभर गोखरू काढतोय, माझ्या हातून काहीही जन्माला आलेलं नाही. शिवाय बाकीची फळं त्या कुत्र्याच्या अंगावरून काढली कोणी, हे मला कोणी सांगत नाही. माझा सगळा इंटरेस्ट तेवढ्यातच आहे.

सुरुवातीला मी गोखरू सरळ ओढायचो. खंड्या केकाटायचा आणि गोखरू आणखी चार केस गुंडाळून घट्ट बसायचं. आता आधी तेलाचा थेंब, मग बोटांनी केस मोकळे करायचे, मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकापासून मुळाकडे सरकत. आणि हे सगळं आंघोळीच्या आधी. हा धडा मी आंघोळीनंतर शिकलो. भिजलेला गुंता सुकला की असा आवळतो की शेवटी कात्रीच घ्यावी लागते. त्या वर्षी खंड्या बरेच दिवस कसर लागलेल्या गालिच्यासारखा दिसत होता.

कुसळाची जात त्याहून वाईट. त्याची रचनाच अशी की ते पुढे सरकतं, मागे फिरत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं तर कातडीतून आत घुसतं, कानात गेलं तर डॉक्टरांकडेच धाव. म्हणून रोज चारही पंजे फाकवून बघायचे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ चटकन दिसतं असं ज्यानं म्हटलं, त्यानं कुत्रा पाळलेला नसणार.

मग गोचीड. यावर गावात प्रत्येकाकडे रामबाण उपाय असतो: रॉकेल लावा, पेटती काडी टेकवा. डॉक्टरांनी हात जोडले. असं छळलं की गोचीड आपली लाळ जखमेतच ओकते आणि रोग असला तर तोही सोडते. टोकदार चिमटा घ्या, अगदी कातडीलगत धरा, न पिरगाळता सावकाश सरळ ओढा. त्याप्रमाणे मी कानामागे, काखेत, पट्ट्याखाली शोधलं, आणि पोटावर एक टपोरी सापडली. चिमट्यानं धरली. सुटेना. जोर लावला. खंड्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मा पुसून पुन्हा वाकलो. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात, हे मला त्या संध्याकाळी कळलं. खंड्याला ते आधीपासून माहीत होतं.

माझा शांपू त्याला लावण्याचा प्रयोगही झाला. माणसाची कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची त्या मानानं उदासीन, त्यामुळे पुढचा आठवडाभर तो खाजवत होता आणि मी नजर चुकवत होतो. ओढ्यातून आला की मुळापर्यंत कोरडा करावा लागतो. वरचे केस सुकतात, पण खालचा मऊ थर ओला राहिला की कातडी लाल होऊन चिघळते. टॉवेल दिसला की खंड्या मदतीला धावतो, म्हणजे जवळ येऊन अंग झाडतो. तो निम्मा सुकतो, मी पूर्ण भिजतो.

काल हे सगळं आटोपून बसलो तर मानेवर काहीतरी वळवळलं. बायको दिवा आणि चिमटा घेऊन आली. मी मान आखडली, एकदा उठून पळायचाही प्रयत्न केला. एरवी मला ‘अहो’ म्हणणारी बायको कॉलर धरून म्हणाली, ‘‘हलू नकोस. शहाणा ना तू? झालंच हं!’’

गोचीड निघाली. बायकोनं सवयीनं बिस्किटाचा डबा उघडला. एक मला दिलं, एक खंड्याला. त्यानं काहीच केलेलं नव्हतं.