शिकारीण

आज लेकीची वही उघडली आणि डोकंच फिरलं. 'लिंग बदला'मध्ये 'शिकारी'समोर तिनं 'शिकारीण' लिहिलंय. त्यावर लाल फुली, आणि शेजारी बाईंच्या अक्षरात 'शिकाऱ्याची बायको'.

बायको! म्हणजे शिकार करणारी बाई असूच शकत नाही, असली तर कुणाची तरी घरवाली.

पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, हे मलाही कळतं. -ईण लागून तो अर्थ होतो, मान्य. पण कोळीण टोपली घेऊन मासे विकते, ती काय नुसती कोळ्याची बायको म्हणून? लेक तर सरळ म्हणाली, "आई, मग वाघीण म्हणजे वाघाची बायको का गं?" काय उत्तर देणार? वाघीण स्वतः सावज धरते, पिल्लांना एकटीच पोसते.

पेरूमध्ये अँडीज पर्वतात २०१८ साली सुमारे ९ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. सोबत भाल्यांची दगडी पाती, कातडं खरवडायची हत्यारं. खोदणाऱ्यांना आधी वाटलं, हा कुणी मोठा पुरुष असणार. तपासलं तर १७ ते १९ वर्षांची मुलगी! एवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्या झारखंडात उरांव या आदिवासी जमातीच्या बायका दर १२ वर्षांनी पुरुषी वेश करून, धनुष्यबाण-कुऱ्हाडी घेऊन 'जनी शिकार'ला निघतात. त्यांना कुणाच्या बायका म्हणायचं?

'पारधीण' हा शब्द आहे, पण तो उच्चारला की लोकांना शिकार आठवत नाही, जमात आठवते. त्या बायकांना काय सोसावं लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि 'शिकारीण' म्हटलं की काहींना पुरुषांना जाळ्यात ओढणारीच दिसते. किळस येते मला या अर्थाची.

'शिकारी' दोघांनाही चालतो म्हणाल तर चालतो, ठीक आहे. पण लेकीनं जो शब्द लिहिला तो चुकीचा नव्हता ना!

बाईंवर राग धरून काय करू? साठेक वह्या तपासत बसल्या असतील, त्यांनाही लहानपणी हेच शिकवलं असेल. मघाशी जरा जास्तच चिडले मी.

पण लेकीनं माझ्या देखत खोडरबर घेतला आणि 'शिकारीण' पुसायला लागली, तेव्हा पोटात तुटलं. हात धरला तिचा. 'ण' तेवढा पुसट झालाय. तो मी पेनानं गिरवलाय आणि खाली लिहिलंय, 'शिकारीण : शिकार करणारी'. उद्या वही तशीच जाईल.