हरलात तरी चालेल, पण या

शनिवारी आमची काउंटीची बुद्धिबळाची मॅच झाली. साडेसात–साडेआठने हरलो. हरण्याचं वाईट वाटतंच, पण दोन दिवस मनात घोळतेय ती आमच्या अकराव्या बोर्डावरची रिकामी राहिलेली खुर्ची.

इथे इंग्लंडमध्ये बुद्धिबळाचे काउंटी सामने कसे चालतात, ते माझ्या बऱ्याच मित्रांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. क्रिकेटच्या काउंट्या आपल्याला पाठ असतात, तशाच बुद्धिबळाच्याही आहेत. देशात पाच विभागीय संघटना आहेत. काउंट्या आधी आपापल्या विभागात खेळतात आणि तिथून पुढे गेलेले संघ राष्ट्रीय फेरीत भिडतात. खुल्या गटाशिवाय 2050, 1850, 1650, 1450 अशा रेटिंगच्या (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या) आतले गटही असतात, त्यामुळे माझ्यासारख्या नोकरी सांभाळून खेळणाऱ्यालाही काउंटीकडून बसता येतं. मी लेस्टरशायरकडून खेळतो. एका संघाची सोळा माणसं रेटिंगच्या क्रमाने बसतात, समोर दुसऱ्या संघाची सोळा. एका बोर्डाला पांढरी, पुढच्याला काळी. पैसे कोणालाच मिळत नाहीत. पेट्रोल आपलं, शनिवारही आपलाच.

आणि पहिल्या बोर्डावरच्या गुणाची किंमत तेवढीच, जेवढी सोळाव्या बोर्डावरच्या गुणाची. मला या खेळातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

शनिवारी मी तेराव्या बोर्डावर होतो, काळी घेऊन. एक बोर्ड सोडून पलीकडे, अकराव्यावर, समोरच्या संघाचे एक गृहस्थ बसले होते. सत्तरीच्या पुढचे. दीड तास गाडी चालवून आले होते. त्यांनी कोट खुर्चीला अडकवला, स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, स्वतःचं नाव लिहिलं, समोरच्याच्या नावाची जागा मोकळी ठेवली. वेळ झाल्यावर राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं, घड्याळ दाबलं, चाल लिहून ठेवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. समोरची खुर्ची रिकामी. आमचा कॅप्टन बाहेर जाऊन फोन लावत होता, फोन कोणी उचलत नव्हतं. ठरलेली मुदत संपली आणि डिफॉल्ट, म्हणजे न खेळताच विजय, दिला गेला. त्या गृहस्थांना गुण मिळाला. डाव मिळाला नाही. मग दुपारभर ते आमच्या टेबलांमधून हळूहळू फिरत राहिले, हातात चहाचा कागदी कप. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

जो आला नाही त्याने शुक्रवारी "येतो" म्हणून कळवलं होतं. अडचणी सगळ्यांना येतात, मूल आजारी पडतं, गाडी बिघडते, ते कोणी मनावर घेत नाही. पण नंतर कळलं ते इतकंच, की त्याला त्या दिवशी खेळावंसं वाटलं नाही. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी जरी "जमत नाही" म्हणालात तरी कॅप्टन आणखी दोन फोन करतो, कोणीतरी 1500 रेटिंगचा माणूस आनंदाने येतो. तो हरेलही. पण समोरच्याला घाम गाळायला लावून हरेल.

माझा स्वतःचा डाव चार तास चालला. मधल्या खेळात एक प्यादं गेलं आणि शेवटी हत्ती-प्याद्याविरुद्ध माझा नुसता हत्ती उरला. ही बचावाची जुनी रीत मी लहानपणी सांगलीत शिकलो. राजा प्याद्याच्या समोर ठेवायचा, हत्ती पांढऱ्याच्या बाजूने मोजून सहाव्या आडव्या पट्टीवर धरून ठेवायचा म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे यायला वाट उरत नाही. आणि प्यादं सहाव्या पट्टीवर आलं रे आलं की हत्ती थेट पहिल्या पट्टीवर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. पुढे सरकलेल्या प्याद्याआड लपायला राजाला जागाच राहत नाही. समोरच्याने बरोबरी मान्य केली तेव्हा हॉलमध्ये आमचाच डाव उरला होता आणि दोन्ही संघ भोवती उभे होते. आमच्या कॅप्टनने खांद्यावर हात ठेवला. त्या अर्ध्या गुणासाठी मी जेवढा झगडलो, तेवढा वैयक्तिक स्पर्धेत कधीच झगडलो नाही.

आता हिशोब करा. अकराव्या बोर्डावर नुसती बरोबरी झाली असती तरी मॅच 8–8 सुटली असती.

मी सांगलीचा, बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावचा. तिथल्या स्पर्धांत मी खूप खेळलो, पण एकट्यासाठी. फेरी संपली की भिंतीवरच्या कागदावर आपलं नाव शोधायचं, आपले गुण बघायचे, घरी जायचं. संघासाठी खेळणं म्हणजे काय, ते मला चाळिशीत इथे कळलं. 2024 च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला गटातली दोन्ही सुवर्णं घेतली तेव्हा मी सगळ्यात जास्त बघत होतो ते नागपूरच्या दिव्या देशमुखकडे. तिसरं बोर्ड, अकराच्या अकरा फेऱ्या खेळली, साडेनऊ गुण. एकाही फेरीत विश्रांती नाही. आमची पातळी कुठे आणि ती कुठे, पण खुर्चीवर येऊन बसायचं, हे दोन्हीकडे सारखंच लागतं.

मॅच संपल्यावर सोंगट्या डब्यात भरताना मी त्या गृहस्थांकडे गेलो, संघातर्फे माफी मागितली आणि विचारलं, वेळ असेल तर एक डाव खेळू या का? त्यांनी कोट घातलेला होता. तो काढून पुन्हा खुर्चीला अडकवला. आम्ही घड्याळ न लावता खेळलो, हॉलची किल्ली घेऊन उभा असलेला माणूस काही बोलला नाही.

लेस्टर, लफबरो, हिंकली या बाजूला राहणारं आपलं मराठी कोणी बुद्धिबळ खेळत असेल तर मला मेसेज करा, रेटिंग नसलं तरी. पुढच्या सामन्याला माणसं हवी आहेत. फक्त "येतो" म्हणालात, तर या.