नकाशावरची तुटक रेघ

गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. तो डोंबिवलीला राहतो, नोकरी लोअर परळला. नेरळला एका गृहसंकुलात त्याने घर पाहिलंय, गॅलरीतून माथेरानचा डोंगर दिसतो म्हणे. घरात मात्र दोन तट पडलेत. मामी म्हणते, अर्धं आयुष्य लोकलमध्ये जाईल. मामा म्हणतो, तिसरी मुंबई होतेय, भाव चढायच्या आत घेऊन टाक. शेवटी भाऊ म्हणाला, "ताई, तू पण लंडन सोडलंस ना? तूच सांग काय ते."

चार वर्षांपूर्वी आम्ही लंडनच्या हॅरो उपनगरातलं भाड्याचं घर सोडून लेचवर्थला आलो. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनपासून हे गाव साधारण पंचावन्न किलोमीटरवर; जलद गाडी मिळाली तर अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. घरभाड्यात वाचलेले बरेचसे पैसे रेल्वेच्या पासात जातात आणि हिवाळ्यात गाडी रद्द झाली की फलाटावर कुडकुडत उभं राहावं लागतं. मामी म्हणते ते खोटं नाही. रोजचे तीन-चार तास माणसाला आतून पोखरतात. माझा प्रवास नेरळहून निघणाऱ्याच्या निम्माही नाही, म्हणून प्रवासाबद्दल त्याला सल्ला द्यायचा अधिकार मला वाटत नाही.

मी बोलू शकते ते घराबाहेर पडल्यावर काय होतं याबद्दल.

इथे रविवारी सकाळी मी दार ओढून घेते आणि पंचवीस मिनिटांत गव्हाच्या शेतातून चालत असते. शेत कुणा शेतकऱ्याचं आहे, मी त्याला ओळखत नाही, परवानगीही मागत नाही. त्या पायवाटेवरून जाण्याचा हक्क कायद्याने माझा आहे. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याला, अशा वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावलं. वाट शेताच्या मधून जात असेल तर शेतकऱ्याला नांगरट करता येते, पण पेरणीसाठी नांगरल्यापासून १४ दिवसांच्या आत किमान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. बांधाच्या कडेची वाट तर नांगरताच येत नाही. आणि तत्त्व असं की एकदा सार्वजनिक ठरलेली वाट कुणी वापरली नाही म्हणून संपत नाही. ती कायद्याची प्रक्रिया करूनच बंद होते. पहिल्या वसंतात मी त्या वाटेवर बिचकत पाऊल टाकलं होतं, कुणी हटकेल म्हणून. समोरून ट्रॅक्टरवाला आला, त्याने हात केला आणि पुढे गेला. त्या दिवशी मला हे गाव आपलं वाटलं.

ही शांतता निसर्गाने दिलेली नाही, ती राखली गेली आहे. लेचवर्थ वसलं १९०३ मध्ये, एबेनेझर हॉवर्ड यांच्या उद्यान-नगराच्या, म्हणजे शहर आणि शेतशिवार एकत्र नांदवण्याच्या, कल्पनेतून. गावाभोवती शेतीचा पट्टा सुरुवातीपासून आराखड्यातच होता. त्याहून मला मोठी वाटते ती जमिनीची व्यवस्था: जमीन एकाच संस्थेच्या मालकीची, भागधारकांना लाभांश पाच टक्क्यांच्या वर जाणार नाही, वरचा पैसा गावासाठी. आज ती मालमत्ता एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे. गाव वाढल्यामुळे जमिनीला जी किंमत आली, तिचा वाटा गावाकडेच फिरतो. आपल्याकडे शेत बिगरशेती झालं की वाढलेली किंमत कुठे जाते, हे कल्याण-कर्जत पट्ट्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

पण इथलं सगळंच उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणणार नाही. लंडनभोवतीचा हरित पट्टा लंडनच्या क्षेत्रफळाच्या तिपटीहून जास्त आहे. त्या पट्ट्यात बांधकामाला जवळपास मनाई, आणि घरं इतकी महाग असण्यामागे हेही एक कारण आहे. माझ्या ऑफिसातली तिशीतली मुलं खोली भाड्याने घेऊन राहतात. आमच्या गावाच्या उत्तरेला शेतांवर ९०० घरं बांधायची तरतूद २०२२ च्या स्थानिक आराखड्यात आहे, आणि विरोधाचे सूर शेजारीपाजारी ऐकू येतात. मला विरोध करता येत नाही. काल आलेल्या माणसाने आज मागून येणाऱ्यासाठी दार लावून घ्यावं, हे मला पटत नाही. घरं होऊ देत, फक्त त्यांच्यामधून वाट गेली पाहिजे.

आणि इथेच मला आपल्या वादात मोठी उणीव दिसते. नेरळ, वांगणी, बदलापूर, कर्जत, सगळीकडे दोनच प्रश्न विचारले जातात: स्टेशन किती लांब आणि भाव काय. उल्हास नदीच्या काठची मोकळी शेतं पुराचं पाणी पोटात घेतात, हा मुद्दा २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली तेव्हा आठवडाभर चर्चेत होता, मग विरला. वाटेचा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. जाहिरात डोंगराच्या दर्शनाची असते, डोंगरापर्यंत पायी पोचता येईल का याबद्दल तिच्यात अवाक्षर नसतं. कुंपणाच्या आत बाग, बाहेर डंपरचा रस्ता. मग शहर सोडून काय मिळवलं?

वाटा आपल्याकडे आहेत! प्रत्येक गावाच्या नकाशावर आहेत. शेतांमधली पाणंद, गावाच्या शिवेवरचा शिवरस्ता, गाडीवाट. दुहेरी तुटक रेघेने गाडीमार्ग, एकेरी तुटक रेघेने पायमार्ग. इंग्रजांच्या काळातल्या मोजणीत नोंदलेल्या या रेघा आजही भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. अडवलेली वहिवाट मोकळी करून द्यायला तहसीलदाराकडे १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, पण तिथे अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. नंतर दिवाणी दावा, म्हणजे वर्षानुवर्षं हेलपाटे. इथली वाट मरत नाही आणि तिकडची सहा महिन्यांत अनाथ होते, हा फरक मला फार लागतो. पाणंद मोकळी करायच्या सरकारी योजना येतात, त्या शेतमाल बाहेर काढण्यासाठी, आणि ते योग्यच आहे. पण ज्या गावांत आता शहर शिरतंय, तिथे बांधकामाच्या परवानगीआधी या रेघा आराखड्यावर उमटवणं बंधनकारक का नसावं? शेतकऱ्याची बैलगाडी आणि नव्याने आलेल्याची सकाळची फेरी एकाच वाटेवरून जाऊ शकते. दोघांची ओळख होण्याची तेवढीच एक जागा असेल.

भावाला मी घे किंवा नको घेऊस असं काहीच सांगितलं नाही. टोकन देण्याआधी गावनकाशाची प्रत काढ आणि स्टेशनपासून संकुलापर्यंत त्या रेघेवरून चालून ये, एवढं म्हटलं.

तो खरंच गेला. रविवारी दुपारी त्याने फोटो पाठवला: लाल मातीची वाट, दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या, आणि समोर नवी कोरी कंपाउंडची भिंत. भिंतीपाशी एक आजी भेटली, डोक्यावर गवताचा भारा. तिचं शेत भिंतीपलीकडे. आता ती हमरस्त्याने वळसा घालून जाते, भावाने विचारल्यावर तिने हाताने लांबवर दाखवलं. भिंत कधी बांधली, असं मी त्याला विचारलंय. सहा महिने झाले नसतील, तर अजून वेळ आहे.