आप्पांची सही

आमच्या मंडळीत एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "चर्चमध्ये राजकारण नको." म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, भांडण नको एवढंच त्यांना हवं असतं. पण मला हे पटत नाही. तोंडावर बोलणं बंद केलं की माणसं तेच व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतात, आणि तिथं समोरच्याचा चेहरा दिसत नाही. मी स्वतः ते पाप केलंय, म्हणून लिहितोय.

2024 चा ईस्टर 31 मार्चला होता, सोलापूरचं लोकसभेचं मतदान 7 मेला. उपासनेनंतर आमच्या घरी सगळे जेवायला होते. कडक भाकरी, मटण, शेंगाची चटणी. विषय निघाला राखीव जागेचा. सोलापूरची लोकसभेची जागा 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. दलितांतून ख्रिस्ती झालेल्या आमच्यासारख्या घरातला माणूस इथं मत देऊ शकतो, उभा राहू शकत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच.

मी म्हणालो, हा दर्जा आपल्यालाही मिळावा की नाही, हे प्रत्येक उमेदवाराला विचारा आणि उत्तर ऐकून मत द्या. बाप्तिस्मा घेतल्यावरही गावानं आपल्याला पाणवठ्यावर येऊ दिलं नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे सख्खे चुलते, म्हणाले, "ख्रिस्तात जात नाही. जी टाकली ती सवलतीसाठी परत मागायची?" आवाज चढले. आप्पा अर्ध्या जेवणावरून उठले.

रात्री मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "ज्यांना आपल्या लोकांची पर्वा नाही, त्यांनी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू नये." नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. पुढच्या बाकावर कोण बसतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी होता. आप्पा मागच्या बाकावर बसले होते. चाळीस वर्षांत मी त्यांना तिथं पाहिलं नव्हतं. वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, हे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं मी संडे स्कूलच्या पोरांना शिकवतो. त्या दिवशी भाकर घ्यायला माझा हात पुढं झाला नाही.

संध्याकाळी आप्पांकडे गेलो. "काय बे, एवढ्या उन्हात आलास?" एवढंच म्हणाले आणि पाणी दिलं. मी माफी मागितली. मत बदललं म्हणून नव्हे, त्यांच्या विश्वासावर बोट ठेवलं म्हणून. मग ते बोलायला लागले. शाळेत त्यांचं नाव घालताना मास्तरांनी जात विचारली. माझ्या आजोबांनी सांगितलं, "ख्रिस्ती लिहा. दुसरं काही लिहू नका." आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा मास्तरांसमोर ताठ उभे राहिले होते, आणि आप्पांनी ते पाहिलं होतं. कागदावर पुन्हा जात लिहायची म्हटलं की त्यांना तो दिवस पुसल्यासारखं वाटतं.

जेवताना तावातावानं बोलत होतो तेव्हा यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

येशूनं बारा जण निवडले, त्यांत रोमच्या मर्जीतल्या राजवटीसाठी वसुली करणारा मत्तय जकातदार होता आणि जिलोत, म्हणजे रोमी सत्तेचा कट्टर विरोधक, म्हणवला जाणारा शिमोनही होता. दोघांच्या वाटा किती वेगळ्या! तरी त्यानं दोघांना एकाच ताटाभोवती बसवलं. तुमचं मत आधी एक करा आणि मग माझ्याकडे या, असं त्यानं सांगितल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

माझं मत आजही तेच आहे. ही मागणी न्यायाची आहे, आणि न्यायासाठी बोलणं हा प्रेमाचाच भाग आहे असं मी मानतो. पण आता एक नियम पाळतो. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याला आधी भेटायचं. भेटायची तयारी नसेल तर लिहायचं नाही. काही जणांशी बोलून वाईटही वाटतं, सगळेच आप्पांसारखे पाणी देत नाहीत. तरी जायचं.

गेल्या महिन्यात आम्ही काही जणांनी खासदारांना द्यायला निवेदन तयार केलं. मी ते आप्पांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. शिखांचं वर्ष मी चुकून 1965 लिहिलं होतं, ते पेननं खोडून 1956 केलं.

सही मात्र केली नाही.