रीबाउंड पूर्ण बंद करायला सांगणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

"डाउनहिल बाईकचा मागचा शॉक सेट करायचे सात नियम" (शॉक म्हणजे मागच्या चाकाचे दणके झेलणारा शॉक-अॅब्सॉर्बर) असा एक मेसेज सध्या व्हँकुव्हरकडच्या मराठी पोरांच्या ग्रुपवर फिरतोय. कोणी लिहिला माहीत नाही, पण ज्याने लिहिला त्याला आत्मविश्वास भरपूर आहे. माझा भाचा इथे शिकायला आलाय, त्याने सेकंडहँड डाउनहिल बाईक घेतली, मेसेजमधलं सगळं जसंच्या तसं केलं आणि व्हिसलरच्या बाईक पार्कहून मनगटाला प्लास्टर घालून परत आला. त्यानंतरही हा मेसेज मला अजून दोन ठिकाणांहून आलाय, म्हणून आता सविस्तर लिहितो.

सातही नियमांना सारखा वेळ देणार नाही, काही नुसते चुकीचे आहेत, एक धोकादायक आहे. आधी तोच घेतो.

तिसरा नियम: "रीबाउंड पूर्ण बंद करा, म्हणजे जंपवर बाईक मागून उडवणार नाही."

यात अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करून टाकतो. रीबाउंड म्हणजे दाबला गेलेला शॉक परत किती वेगाने उघडतो ते, नॉब बंद केला की तो हळू उघडतो, मोकळा सोडला की वेगाने. तो फार मोकळा सोडला तर जंपच्या तोंडाशी दाबलेली स्प्रिंग एकदम सुटते, मागचं चाक वर येतं आणि रायडर हँडलवर फेकला जातो. हे होतं, आणि वाईट होतं. पण यावर उपाय म्हणून नॉब शेवटपर्यंत पिळायचा हे कुठून आलं?

जरा हिशोब करा. ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 8 मीटर. व्हिसलरला सीझनमध्ये वळणांच्या आधी सगळे ब्रेक दाबून दाबून जे ब्रेकिंग बंप्स तयार होतात ते समजा मीटर-मीटरवर आहेत. म्हणजे एका बंपपासून दुसऱ्यापर्यंत शॉकला मिळतात 0.12 सेकंद. तेवढ्यात तो परत उघडला नाही तर दुसरा बंप येतो तेव्हा तो अर्धवट दाबलेलाच असतो, तिसऱ्याला अजून खाली, चौथ्याला अजून खाली. 200 मिलिमीटर ट्रॅव्हलची (म्हणजे चाक तेवढं वर-खाली होणारी) बाईक घेतली आणि पाच-सहा बंपांनंतर तुमच्याकडे त्यातला थोडासाच शिल्लक राहतो. याला सगळे 'पॅक होणं' म्हणतात. मागची बाजू बसली की बाईकचा सगळा तोल मागे जातो, पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं, आणि हे नेमकं वळणात शिरताना, जिथे पुढच्या चाकाला पकड सगळ्यात जास्त लागते. भाच्याचं पुढचं चाक तिथेच सटकलं.

मी त्याची बाईक नंतर बघितली. सीटवर जोर देऊन मागची बाजू खाली दाबली आणि हात काढला, तर ती दाराच्या डोअर-क्लोजरसारखी सावकाश, अगदी सावकाश वर आली. रीबाउंडचा लाल नॉब घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत गेलेला होता.

आणि यातली खरी गोम अशी की पॅक झालेला शॉक मऊ वाटत नाही, कडक वाटतो! कारण उरलेल्या थोड्याशा ट्रॅव्हलवर सगळे दणके बसत असतात. मग माणूस काय करतो, "शॉक कडक आहे" म्हणून स्प्रिंग अजून मऊ करतो, ती अजून खाली बसते, आणि दणके वाढतात. भाच्याने पण दुपारी हेच केलं होतं. म्हणून हा नियम नुसता चुकीचा नाही, तो पुढची चूकही करायला लावतो.

मग रीबाउंड ठेवायचा किती? शॉक बनवणाऱ्या फॉक्स कंपनीचं सेटअप मॅन्युअल उघडा, फुकट आहे, कंपनीच्या साइटवर आहे, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की रीबाउंड हा शॉकमध्ये भरलेल्या हवेच्या प्रेशरवर अवलंबून असतो, प्रेशर जास्त तर रीबाउंड हळू ठेवावा लागतो. या एका वाक्यात अख्खा तिसरा नियम निकालात निघतो, कारण वजन जास्त तर प्रेशर जास्त, म्हणजे 60 किलोच्या पोरीला आणि 95 किलोच्या माणसाला एकच सेटिंग चालूच शकत नाही. कॉइललाही, म्हणजे हवेऐवजी धातूची स्प्रिंग असलेल्या शॉकलाही, तेच लागू, जड स्प्रिंग जास्त जोराने परत ढकलते. करायचं एवढंच, आधी सॅग (नुसत्या तुमच्या वजनाने शॉक किती दबतो ते) लावा, मग नॉब पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजत मोकळा करत या, मॅन्युअलमध्ये तुमच्या प्रेशरसमोर जो आकडा असेल तिथे थांबा. मग बाईकवर बसून फुटपाथच्या कडेवरून खाली उतरा. मागची बाजू दबून एकदा वर यायला पाहिजे आणि तिथेच स्थिरावायला पाहिजे. दोनदा-तीनदा उसळली तर फार मोकळा, आळसावून वर आली तर फार बंद. त्यानंतर ट्रेलचा एकच छोटा तुकडा परत परत चालवून एक-एक क्लिक बदला. मागचं चाक बंपांवर नुसतं आपटत चाललंय असं वाटलं तर मोकळा करा, जंपवर मागून ढकलल्यासारखं वाटलं तर बंद करा.

आता दुसरा नियम: "स्प्रिंग मऊ पडत असेल तर नवीन घ्यायची गरज नाही, प्रीलोड पिळा." स्वस्तातला सल्ला म्हणून लोकांना आवडला असणार, पण हा पण फसवा आहे. प्रीलोड म्हणजे रिंग फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणं, तो पिळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. 300 पाउंडची स्प्रिंग कितीही पिळा, दर इंचाला 300 पाउंडच राहते.

उदाहरण घ्या. शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो जास्तीत जास्त जेवढा दबतो ते अंतर, 75 मिलिमीटर, आपल्याला 30 टक्के सॅग पाहिजे म्हणजे 22.5 मिलिमीटर. समजा तुमच्या वजनाला खरी स्प्रिंग लागते 400 ची. तुमच्याकडे आहे 300 ची. तर तेवढाच सॅग मिळवायला ती 7.5 मिलिमीटर आधीच पिळून ठेवावी लागेल (400 गुणिले 22.5 आणि 300 गुणिले 30, दोन्ही सारखेच येतात). टेपने मोजलं तर सॅग परफेक्ट. पण स्ट्रोकच्या टोकाला, जिथे मोठ्या ड्रॉपनंतर खरा आधार पाहिजे, तिथे 400 ची स्प्रिंग जेवढा जोर देते त्यापेक्षा ही साडेसतरा टक्के कमी देते. म्हणजे बॉटम-आउट (शॉक टोकापर्यंत दबून ठोका बसणं) व्हायचं ते होणारच. शिवाय 75 च्या स्ट्रोकसाठी बनवलेली स्प्रिंग तुम्ही साडेब्याऐंशी मिलिमीटर दाबताय, आणि जिला तेवढी जागाच नाही तिचे वेटोळे एकमेकांना टेकतात, तसं झालं तर शॉक मोडू शकतो. बहुतेक स्प्रिंगांवर रेट आणि स्ट्रोक दोन्ही छापलेले असतात, विकत घेताना दोन्ही वाचा. प्रीलोडची रिंग एक-दोन फेऱ्या, स्प्रिंग खुळखुळू नये एवढ्यापुरती. त्याच्यापुढे जावं लागत असेल तर स्प्रिंग बदला, वापरलेल्या स्प्रिंगा फार महाग नसतात.

पहिला नियम सॅगचा, "भिंतीला टेकून सीटवर आरामात बसा आणि मोजा". डाउनहिलला सीटवर बसतो कोण? हेल्मेट, पॅड, पाण्याची बॅग, सगळं घालून पेडलवर उभं राहायचं, उतरताना असतो तसं, आणि दुसऱ्याने मोजायचं. बसून मोजलं की वजन मागे जास्त पडतं, सॅग जास्त दिसतो आणि तुम्ही गरज नसताना शॉक कडक करता. फॉक्सच्या मॅन्युअलमध्ये 25 ते 30 टक्के दिलंय, डाउनहिलला बरेच जण थोडं पुढे 33 पर्यंत जातात.

चौथा नियम वाचून मात्र मी फोन बाजूला ठेवला. "हाय-स्पीड कम्प्रेशन म्हणजे 30 च्या वर स्पीड असताना लागतं, हळू चालवणाऱ्यांनी ते उघडं ठेवावं." कम्प्रेशन म्हणजे शॉक दबताना त्याला होणारा अडथळा, आणि अहो, त्यातला तो वेग बाईकचा नाही, शॉकची दांडी किती वेगाने आत जाते त्याचा आहे! चालण्याच्या वेगाने एका चौकोनी दगडावर चाक आदळलं तरी ते हाय-स्पीड, आणि भरधाव जाताना बर्ममध्ये (वळणावरच्या मातीच्या उताराच्या कडेवर) शॉक हळूहळू दबला तर ते लो-स्पीड. नवशिक्याने हे उघडं ठेवलं तर पहिल्याच सपाट लँडिंगवर शॉक टोकाला जाऊ शकतो.

पाचवा, "ओ-रिंग टोकापर्यंत गेली म्हणजे सेटिंग चुकलं". ओ-रिंग म्हणजे शॉकच्या दांडीवरची रबरी रिंग, शॉक किती दबला ते ती दाखवते. प्रत्येक रनला जोरात ठोका बसत असेल तर हो, चुकलं. पण दिवसातल्या सगळ्यात मोठ्या दणक्याला पूर्ण ट्रॅव्हल वापरला गेलाच पाहिजे, नाहीतर 200 मिलिमीटरची बाईक घेतली कशाला?

सहावा, "वर्ल्डकपवाले कडक ठेवतात म्हणून तुम्हीही ठेवा". कडक ठेवतात हे बरोबर आहे. फोर्ट विल्यम किंवा व्हाल दी सोलेच्या वर्ल्डकप ट्रॅकवर ती माणसं ज्या वेगाने दगडांवर आदळतात त्याला ते लागतं. तुमच्या-माझ्या वेगाला तोच शॉक अर्धासुद्धा दबणार नाही, हात मात्र सुजतील.

राहिला सातवा, "शॉक पंपावर पैसे घालवू नका, गॅस स्टेशनवर हवा भरा". तिथला पंप गाड्यांच्या टायरसाठी असतो, एअर शॉकला लागतं तेवढं प्रेशर त्यातून बहुतेक ठिकाणी मिळतच नाही, आणि शॉकच्या एवढ्याशा जागेत नेमके पाच-दहा पीएसआय वर-खाली करणं त्याने जमत नाही. शॉक पंप घ्या, शॉकवर जे कमाल प्रेशर छापलंय त्याच्यावर जाऊ नका. ज्यांना पंप परवडत नाही त्यांनी मला मेसेज करा, माझ्याकडे जास्तीचा आहे, घेऊन जा.