मोरारजींना मत देणारी मुंबई: न आवडणाऱ्या विरोधी नेत्याला पाठिंबा कसा द्यायचा

एकाधिकारशाही सरकारसमोर उभा राहिलेला नेता आपल्याला धड पटत नाही. जुनी भाषणं आठवतात, त्याचे साथीदार डोक्यात जातात. मग पाठिंबा द्यायचा की नाही? या वादात हल्ली रशियाचं, तुर्कस्तानचं उदाहरण येतं. खुशाल यावं. पण मराठी माणसाने हा पेपर १९७७ साली सोडवलेला आहे, आणि तो बराच कठीण होता.

आणीबाणी लादणाऱ्या इंदिरा गांधींसमोर १९७७ च्या निवडणुकीत उभ्या राहिलेल्या जनता पक्षाचे अध्यक्ष होते मोरारजी देसाई. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं गेली. तो राग मुंबईत वीस वर्षांनीही विझला नव्हता. आणि १९७७ मध्ये याच मोरारजींच्या पक्षाचं महाराष्ट्रातलं नेतृत्व कोणाकडे? एस. एम. जोशींकडे, म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सरचिटणीसाकडे! मार्चमध्ये मुंबईच्या सहाही जागा विरोधकांनी जिंकल्या. जनता पक्षाच्या तिकिटावर मृणाल गोरे निवडून आल्या, सुब्रमण्यम स्वामीही आले, राम जेठमलानीही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या चिन्हावर अहिल्याबाई रांगणेकर आल्या. एरवी ही माणसं एका व्यासपीठावर पाच मिनिटं टिकली नसती.

मोरारजींना कोणी माफ केलं म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. माफीची गरजच नव्हती. प्रश्न एवढाच होता: पुढच्या वेळी यांना पाडता येईल का? इंदिराबाईंच्या सरकारला ते विचारायची सोय उरली नव्हती. लोकसभेची मुदत दोनदा वाढवून झाली होती, ४२ व्या घटनादुरुस्तीने ती पाचाची सहा वर्षंच केली होती, आणि एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला होता की आणीबाणीत स्थानबद्धाला हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा कैदेविरुद्ध न्यायालयात जायचा, दरवाजा बंद. अशा वेळी मोरारजींचा हट्टीपणा, दारूबंदीचं वेड आणि १९५५ चा गोळीबार एका पारड्यात टाकले, तरी दुसऱ्या पारड्यात टाकायचं ते वेगळ्याच जातीचं आहे. वाईट पंतप्रधान आणि न हलवता येणारा पंतप्रधान यांची तुलना गुण-दोषांच्या यादीने होत नाही.

आता गणित. ते समजलं नाही तर बाकी सगळी नैतिक चर्चा वाया.

१९७१ मध्ये महाराष्ट्रात काँग्रेसकडे ४५ पैकी ४२ जागा होत्या. १९७७ मध्ये ४८ पैकी २० उरल्या. उरलेल्यांपैकी जनता पक्षाला १९, शेतकरी कामगार पक्षाला (शेकाप) ५, माकपला ३ आणि रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाला १. पण काँग्रेसची राज्यातली मतं तेव्हाही निम्म्याच्या जवळपास होती. विदर्भात तर तिचा पाया फारसा हललाच नाही. म्हणजे लाट वगैरे उत्तरेत. इथे जागा मिळाल्या त्या एकास एक लढतीमुळे. प्रत्येक मतदारसंघात काँग्रेससमोर एकच उमेदवार, मग तो कोणाचाही असो. नांदेडमध्ये शेकापचे केशवराव धोंडगे, लातूरला शेकापचेच उद्धवराव पाटील, डहाणूत माकपचे लहानू कोम, राजापूरला समाजवादी मधू दंडवते, पुण्यात मूळचे काँग्रेसवाले मोहन धारिया. समोरच्याला पंचेचाळीसच्या वर टक्के मतं असतील तर ‘मी माझ्या शुद्ध उमेदवारालाच मत देणार’ या भूमिकेची किंमत थेट जागेत मोजली जाते, मतदारसंघ कुठलाही असो.

वेळही नव्हता. निवडणुकांची घोषणा १८ जानेवारीला, जनता पक्षाची स्थापना २३ जानेवारीला, मतदान १६ ते २० मार्च. नव्या पक्षाला स्वतःचं चिन्हसुद्धा मिळालं नाही. बहुतेक राज्यांत भारतीय लोकदलाचा नांगरधारी शेतकरी उसना घेतला. जनसंघाच्या कार्यकर्त्याला चरणसिंगांचं चिन्ह घरोघर पोचवावं लागलं.

सगळ्यात अवघड घास मोरारजींचाही नव्हता, जगजीवनरामांचा होता. जुलै १९७५ मध्ये लोकसभेत आणीबाणीच्या मंजुरीचा ठराव मांडणारे मंत्री हेच. सगळा काळ मंत्रिमंडळात राहिले आणि २ फेब्रुवारी १९७७ ला, निवडणुका जाहीर झाल्यावर, बाहेर पडले. तुरुंगात एकोणीस महिने काढलेल्यांनी त्यांना काय म्हणायचं? त्यांना घेतलं, आणि बरोबर केलं असं माझं ठाम मत आहे. राजवटीतून उशिरा फुटणारा माणूस नेहमीच डागाळलेला असतो, कारण डाग नसता तर तो आत राहिलाच नसता. पण तो फुटला की आत उरलेल्यांना, अधिकाऱ्यांना, पोलिसांना कळतं की साहेब हरू शकतात. तुरुंगातून सुटलेला स्वच्छ माणूस हा निरोप देऊ शकत नाही. (त्याला लगेच पंतप्रधानपदाचा दावेदार करायचा का, हा वेगळा प्रश्न. तो जनता पक्षाने फार वाईट हाताळला.)

दोष उगाळले कधी जातात, तेही बघावं. इंदिराविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण (जेपी) यांच्यावरचे आक्षेप खोटे नव्हते. जनसंघाला त्यांनी जवळ केलं आणि त्यातून त्या पक्षाला जी प्रतिष्ठा मिळाली तिची किंमत आजही मोजली जाते, असं म्हणणारे आहेत. त्यांचं म्हणणं मला बऱ्याच अंशी पटतं. २५ जून १९७५ ला रामलीला मैदानावर पोलीस आणि लष्कराला बेकायदा हुकूम पाळू नका म्हणणं हाही बेसावधपणा होता. पण हे आक्षेप सगळ्यात मोठ्या आवाजात मांडले गेले ते जेपी चंदीगडला स्थानबद्ध असताना, वृत्तपत्रांवर सेन्सॉर असताना. आरोप छापायला परवानगी, उत्तर छापायला बंदी. रशियात विरोधी नेते नवाल्नींचं हेच झालं. स्थलांतरितांविरुद्धचे त्यांचे २००७ चे व्हिडिओ खरे होते आणि किळसवाणे होते. ते तुरुंगात गेल्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्या जुन्या वक्तव्यांकडे बोट दाखवून अ‍ॅम्नेस्टीने त्यांचा ‘सद्सद्विवेकाचे बंदी’ हा दर्जा काढला, आणि मे महिन्यात माफी मागून परत दिला. टीका करूच नये असं नाही. फक्त तो माणूस कोठडीत असताना करत असाल, तर पहिल्या वाक्यात त्याची सुटका मागा आणि मग काय ते बोला.

आता चुकलं काय, तेही बघू. खूप चुकलं.

समाजवाद्यांनी १ मे १९७७ ला आपला पक्ष जनता पक्षात विसर्जित केला. जनसंघानेही केला. फरक असा की जनसंघाचा सांगाडा पक्षात नव्हताच, तो संघात होता, आणि संघ विसर्जित झाला नाही. दुहेरी सदस्यत्वाचा (जनता पक्षात असताना संघातही राहायचं का) वाद मधू लिमयांनी काढला तो तत्त्व म्हणून योग्यच होता, पण तोपर्यंत हातातलं हत्यार देऊन झालं होतं. सरकार पडलं, पक्ष फुटला. जनसंघाची माणसं एप्रिल १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष काढून मोकळी झाली. महाराष्ट्रातल्या समाजवाद्यांना परत जायला घर नव्हतं. राष्ट्र सेवा दल ही त्यांची संघटना होती, पण सेवा दल तालुक्याला उमेदवार देत नाही, बूथवर माणूस बसवत नाही. उलट शेकाप आणि माकपने जागावाटप केलं, पण आपलं चिन्ह, आपलं कार्यालय, आपली वर्गणीची पावती सोडली नाही. पुढे ते वाढले नाहीत हे खरं. पण त्यांचं जे झालं ते त्यांच्या स्वतःच्या हाताने झालं.

म्हणून माझं म्हणणं: मत द्या, प्रचार करा, पैसे द्या, संघटना देऊ नका. एका निवडणुकीपुरती युती आणि कायमचं विलीनीकरण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि विजयाच्या धुंदीत तो हमखास विसरला जातो.

दुसरी गोष्ट टाळ्या वाजवताना कोणी बोलत नाही. नेत्याच्या अपूर्णतेचं बिल सगळ्यांना सारखं येत नाही. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला, तेव्हा राज्यात पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार होतं, जनता पक्ष त्यात होता. ठरावाविरुद्ध दंगली झाल्या, दलित वस्त्या जळाल्या. सरकारने तिथल्या माणसांच्या जिवाला संरक्षण देण्याऐवजी ठरावच गुंडाळून ठेवला, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. ‘आधी लोकशाही वाचवू, तुमचं मग बघू’ हे वाक्य ज्यांना ऐकवलं जातं ती माणसं नेहमी तीच असतात. त्यांनी पाठिंबा देताना हात आखडता घेतला तर त्यांना व्यवहार शिकवायला जाऊ नये. ‘मग’ म्हणजे कधी, ते आधी सांगावं.

तरीही १९७७ चं मत फुकट गेलं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. विनाखटला स्थानबद्ध करणारा मिसा कायदा रद्द झाला. ४४ व्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला, महिन्याभरात संसदेची विशेष बहुमताने मंजुरी आणली, दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यायला लावली. कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं लिहिलं. लोकसभा परत पाच वर्षांची झाली. आणि बहुमत जातंय दिसल्यावर १५ जुलै १९७९ ला मोरारजींनी राजीनामा दिला. जानेवारी १९८० मध्ये इंदिराबाई ३५३ जागा घेऊन आल्या, कोणी त्यांना अडवलं नाही. हट्टी, कोरडा, गोळीबाराचा डाग असलेला माणूस पाडता आला. मागितलं होतं तेवढं मिळालं.

तेवढंच मात्र. त्याच ४४ व्या दुरुस्तीच्या कायद्यात तिसरं कलम आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेत स्थानबद्धता योग्य की नाही ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळाशिवाय माणसाला आत ठेवायची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणायची, आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमायचं. संसदेने ते मंजूर केलं, पण अंमल कधीपासून ते ठरवायचं काम सरकारच्या अधिसूचनेवर सोडलं. जून १९७९ मध्ये बाकीची बरीच कलमं लागू झाली, हे राहिलं. महिन्याभरात सरकार पडलं. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारं आली, आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांचीही आली. अधिसूचना अजून निघालेली नाही.